गातवेचच्या आईच्या रेघा

आतोंगच्या घरी पाहुणे दोन प्रकारचे. काहींसाठी सोफ्यावरचा टॉवेल नुसता झटकला जातो आणि काहींसाठी ट्रंक उघडून मिलाया अंथरली जाते. पुतण्याच्या लग्नाची बोलणी करायला आलेले व्याही, एकदा बिशप, आणि एकदा न्यांकिरच्या शाळेची मुख्याध्यापिका, एवढ्यांनाच आजवर त्या भरतकामाच्या चादरीवर बसायला मिळालं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी आईने मिलाया बाहेर काढलेली पाहून न्यांकिरने विचारलं, आज कोणाचं लग्न ठरतंय, की कोणी गेलंय?

"हॉलवाली मुलगी येतेय," आतोंग म्हणाली. "चहात आलं जास्त घाल. साखरेला हात आखडू नकोस, मागच्या वेळेसारखा."

हॉलवाली मुलगी म्हणजे एफुआ. आईवडील घानातले, पण जन्म इथला, मेलबर्नच्या याच फूट्स्क्रे उपनगरातला. नदीकाठच्या जुन्या लोकरीच्या गोदामाचा आता हॉल झाला होता, आणि येत्या आठवड्याच्या शनिवारी तिथे आफ्रिकेतून निघून जगभर पांगलेल्या सगळ्यांच्या कलांचा सोहळा व्हायचा होता. एफुआ महिनाभर दारोदार हिंडत होती. साल्वादोरच्या ढोलवाल्याला तिने गाठलं होतं, टिकल्यांचे झेंडे शिवणाऱ्या हैतीच्या म्हातारीला गाठलं होतं, आणि किंग्स्टनहून आलेल्या त्या शिंप्यालाही, जो एरवी कोणाचा फोन उचलत नाही. आता पाळी आतोंगची होती.

एफुआ मिलायावर बसलीच नाही. चहाचा कप न्यांकिरच्या हातात परत देऊन ती सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि चादर पाहू लागली. पांढऱ्या कापडावर मधोमध समोरासमोर दोन मोठे निळे मोर, डोक्यावर सोनेरी तुरे, भोवती लाल फुलांची वेल, आणि कडेला नारिंगी लोकरीची क्रोशाची झालर. ही लोकर एका दानात आलेल्या स्वेटरची होती. तो स्वेटर छावणीतल्या उन्हात घालायला कोणी पाठवला असेल, याचं कोडं आतोंगला अजून सुटलेलं नव्हतं. सगळी चादर गच्च भरलेली. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चिमणीएवढा पक्षी नुसत्या निळ्या बॉलपेनच्या रेघेत राहिलेला होता.

"मावशी, हा अर्धाच का?"

"दोरा संपला," आतोंग म्हणाली.

एफुआने वही काढली. प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड लागणार होतं. वस्तू काय, कुठली, आणि कलाकाराचं नाव. ती लिहू लागली, आतोंग माबिओर, आणि आतोंगने तिचा हात धरला.

"टाके माझे आहेत. रेघा गातवेचच्या आईच्या."

हे एफुआला समजावून सांगावं लागलं. मिलाया एका बाईची नसते. जिच्या हातात रेघ असते ती कापडावर आखून देते, बाकीच्या भरतात. आखणाऱ्या बायका वस्तीत दोन-तीनच, आणि त्यांचा भाव एका चादरीला वाटीभर चवळी. भरून झालं की रेघ दोऱ्याखाली गडप होते, मग लोक भरणारीचं कौतुक करतात. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आतोंगलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं. कार्डाचा विषय निघाला तेव्हा मात्र ते तिला खुपलं.

"बरं, मग दोन नावं लिहू," एफुआ म्हणाली. "तिचं नाव?"

"सांगितलं ना. गातवेचची आई."

"तसं नाही मावशी. तिचं स्वतःचं नाव."

पाच वर्षं ती त्या बाईबरोबर एका नळावर पाणी भरत होती. तिच्या चुलीवरचा विस्तव आणला होता, तिच्या मुलाच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. पण पोरं झालेल्या बाईला तिचं स्वतःचं नाव विचारणं म्हणजे तिचं लुगडं ओढण्यासारखं. पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारायची, हाच मान. नाव कधी विचारलंच नव्हतं.

एफुआने वही मिटली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज बदलला. कॉलेजात असताना ती एका परदेशी संग्रहालयात गेली होती, तिथे काचेआड तिच्या आजीच्या गावाकडचा लाकडी मुखवटा होता. कार्डावर ज्याने तो विकत घेतला त्या साहेबाचं नाव होतं, त्याच्या बायकोचंही होतं. ज्याने कोरला त्याच्या जागी लिहिलं होतं, अज्ञात. त्या दिवशी तिने ठरवलं, आपल्या हातात कधी भिंत आली तर तिच्यावर हा शब्द लागू द्यायचा नाही. आणि अमक्याची आई, हे तिच्या मते अज्ञातचंच लाजरं रूप होतं.

"पुढच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता कार्डं छापायला जातात. तोपर्यंत नाव मिळालं तर दोन्ही लिहू. नाही मिळालं तर फक्त तुमचं."

"नाही मिळालं तर चादर येणार नाही," आतोंग म्हणाली आणि मिलायाची घडी घालायला लागली.

न्यांकिरने मागून कपाळाला हात लावला. या सोहळ्यासाठी तिने आपल्या नर्सिंगच्या अर्ध्या वर्गाला बोलावून ठेवलं होतं.

आतोंग हट्टी होती हे खरं, पण हा हट्ट नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी, केनियातल्या काकुमाच्या छावणीत, तिने बोलणं सोडलं होतं. अडीच वर्षांची अदुत, तिची पहिली मुलगी, तापाने तीन दिवसांत गेली. तोवर सगळी वस्ती तिला अदुतची आई म्हणायची. नंतर लोकांनी शहाणपणा केला. दुखऱ्या जागेवर बोट नको म्हणून ते तिला नुसतं आतोंग म्हणू लागले. हेतू चांगलाच होता. पण ती हाक कानावर आली की तिला वाटायचं, पोर नुसती गेली नाही, ती कधी नव्हतीच.

एकच बाई ऐकायची नाही. दोघी एकाच देशातून पळून आलेल्या, पण ती नुएर जमातीची होती, आतोंग दिंका. दोघींची भाषा वेगळी, बोलणं व्हायचं ते जुबा शहराच्या मोडक्यातोडक्या अरबीत. नळावरच्या रांगेत ती मोठ्याने म्हणायची, "अदुतची आई, तुझा डबा पुढे सरकव." पहिल्यांदा आतोंगला तो डबा तिच्या डोक्यात घालावासा वाटला. दुसऱ्यांदाही. पुढे पुढे ती त्या हाकेसाठी मुद्दाम त्याच वेळेला पाण्याला जाऊ लागली. मग एका सकाळी ती बाई आपणहून झोपडीत आली. संस्थेने वाटलेली पांढरी चादर तिने जमिनीवर पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून सहा वर्षांच्या गातवेचला एका कोपऱ्यावर बसवलं, आणि दुपारपर्यंत ओणवं होऊन आखत राहिली. चवळी घेतली नाही. जाताना सुई आतोंगच्या हातात दिली. भर आता, म्हणाली. आतोंग आठ महिने भरत होती. तेवढ्या काळात तिला भूक लागू लागली, शेजारणींशी भांडता येऊ लागलं, आणि पुढे न्यांकिर झाली. आपण आज जिवंत आहोत ते या चादरीमुळे, असं ती कोणाला बोलून दाखवत नसे, पण मानत असे.

गुरुवारी सकाळी शिवणकामाच्या मंडळात बायका जमल्या तेव्हा बातमी आधीच पोहोचलेली होती. आंबवलेल्या ज्वारीचा पातळ किस्रा, दाण्याच्या कुटाची पालेभाजी आणि दहा तोंडं. बहुतेकींना नावाचं काहीच वाटत नव्हतं, त्यांना त्या रिकाम्या पक्ष्याची लाज वाटत होती. अर्धी चादर चारचौघांत टांगायची म्हणजे केस अर्धेच विंचरून लग्नाला जायचं, असं एकीचं म्हणणं पडलं. दुसरीने पिवळ्या दोऱ्याची लडी पुढे केली. आतोंगने ती परत सरकवली. तिथे तरी तिचा हात उघडा दिसतोय, म्हणाली, तो मी झाकणार नाही.

तेव्हा आदाउ बोलली. आदाउ आतोंगची सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि जिभेची तिखट. मागच्या युद्धात, दिंका आणि नुएर एकमेकांच्या जिवावर उठले तेव्हा, तिचा धाकटा भाऊ मायदेशी मलाकाल शहरात मारला गेला होता.

"नुएर बाईचं नाव लावायला धावपळ करतेस," ती म्हणाली. "माझ्या भावाला कोणी मारलं, विसरलीस?"

"नाही विसरले. माझ्या हातात सुई कोणी दिली, तेही नाही विसरले."

आदाउने आपली पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तिचा किस्रा ताटात तसाच राहिला. हे असं तीस वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

मग शोध सुरू झाला. न्यांकिरने आईला गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, नुएर लोकांच्या चर्चमध्ये नेलं. तिथे पाद्र्याने प्रार्थनेनंतर विचारलं, इथे गातवेचची आई कोण आहे? तीन बायका उभ्या राहिल्या. गातवेच नावाची पोरं त्या काळात ढिगाने होती. पहिली वयाने फारच लहान निघाली, दुसरीने काकुमा पाहिलेलंच नव्हतं. तिसरी मात्र आतोंगच्या गळ्यात पडून रडली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, की आपल्याला पेन धरता येत नाही, पण इतकं प्रेमाने कोणी शोधत असेल तर आपण ती व्हायला तयार आहोत. आतोंग परतीच्या वाटेवर पहिल्यांदा हसली. पण हाती काही लागलं नाही. फोनवरून निरोप ॲडलेडला गेले, नैरोबीला गेले, आणि तिकडून आणखी दोन गातवेचच्या आया घेऊन परत आले. सोमवार गेला, बुधवार गेला. बुधवारी एफुआचा फोन आला, तेव्हा आतोंगने न्यांकिरकडून कळवलं की भिंतीवरची आमची जागा दुसऱ्या कोणाला द्या.

गुरुवारी आदाउ मंडळात आली. कोणाशी बोलली नाही. आतोंगच्या पुढ्यात तिने एक चुरगळलेली चिठ्ठी टाकली, वर एक लांबलचक नंबर.

"माझ्याबरोबर इस्पितळाच्या धुलाईखान्यात एक नुएर आहे," ती म्हणाली. "बोलता बोलता निघालं. मी काही मुद्दाम विचारलं नाही."

एक आठवडाभर ती त्या धुलाईखान्यात, जिच्याशी चार वर्षांत एक शब्द बोलली नव्हती तिला, रोज चहाच्या सुट्टीत गाठत होती, हे नंतर त्या दुसऱ्या बाईनेच सांगितलं. आतोंगने चिठ्ठी मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने आदाउसमोर ताट सरकवलं. आदाउने किस्रा तोडला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

नंबर अमेरिकेतला होता, ओमाहाचा. शुक्रवारी सकाळी दहा वाजता, तिकडे अजून गुरुवारची संध्याकाळ होती तेव्हा, न्यांकिरने फोन लावून स्वयंपाकघराच्या टेबलावर डब्याला टेकून उभा केला. नंबर मिळाल्याचं कळताच एफुआ लॅपटॉप घेऊन आली होती, भिंतीवरची जागा तिने कोणाला दिलीच नव्हती. कार्डं बाराला जाणार होती आणि तिच्याने राहवलं नव्हतं.

पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग एक कान, मग कोणीतरी फोन सरळ केला. पांढरे केस, जाड चष्मा. आतोंगला ओळख पटेना. तिने काही न बोलता मिलाया फोनसमोर धरली.

पलीकडची बाई चष्मा वर करून बघत राहिली. मग त्याच मोडक्या अरबीत म्हणाली, "यांना निळं कोणी केलं?"

"मी," आतोंग म्हणाली. "मोर निळेच असतात."

"मोर कुठले? ते आमच्या नदीवरचे तुऱ्याचे करकोचे आहेत. तुझ्या गावात पक्षी नव्हते का?"

आतोंग चादर खाली ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. पंचवीस वर्षं व्याह्यांना, बिशपला, सगळ्यांना तिने ते मोर म्हणून दाखवले होते.

"अदुतची आई," पलीकडून आवाज आला, "रडतेस का? मला नीट दिसत नाही."

न्यांकिर सिंकजवळ उभी होती. मोठी बहीण होती आणि ती गेली, एवढं तिला माहीत होतं. आईला त्या नावाने कोणी हाक मारलेली तिने जन्मात ऐकली नव्हती.

आतोंगने डोळे पुसले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. सोहळा, भिंत, कार्ड. तू त्या दिवशी आली नसतीस तर मी उठले नसते, हेही सांगितलं. इतकी वर्षं तुझं नाव विचारलं नाही, आज विचारते, माफ कर.

"न्याबूम," ती बाई म्हणाली. "इथे दवाखान्यात न्याबूमच म्हणतात. शेजारी दुओथची आई म्हणतात, धाकट्यावरून."

"आणि गातवेच? कसा आहे? मोठा झाला असेल."

पडद्यावरची बाई जरा वेळ चष्मा पुसत बसली. गातवेच परत मायदेशी गेला होता, शाळेत शिकवायला. मागच्या युद्धात गेला. एकवीस वर्षांचा होता. कोणाच्या गोळीने, हे तिने सांगितलं नाही आणि आतोंगने विचारलं नाही. ते दोघींनाही ठाऊक होतं.

"तेव्हापासून कोणी मला गातवेचची आई म्हणत नाही," न्याबूम म्हणाली. "लोक चांगले आहेत. मला दुखू नये म्हणून म्हणत नाहीत. तुमच्याकडच्या आदाउने काल फोन करून विचारलं, गातवेचची आई बोलतेय का, तेव्हा मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्या कोपऱ्यात तो छोटा पक्षी आहे ना अजून?"

"आहे. भरला नाही."

"दोरा संपला होता?"

"नाही."

"तो मी काढणार नव्हते. कोपऱ्यावरून गातवेचला उठवलं तर तिथे जागा राहिली होती. तो म्हणाला, इथे अदुतला एक काढ. पेनही त्याचंच होतं, शाळेचं. राहू दे तसाच."

आतोंगने चादरीचा तो कोपरा हातात घेतला. ओमाहात कोणाचं तरी पोर दुसऱ्या खोलीत आजीला जेवायला बोलवत राहिलं.

"कार्डावर गातवेचची आई लिही," शेवटी न्याबूम म्हणाली. "न्याबूम खाली बारीक लिहिलंत तरी चालेल. पण वर गातवेच लिही. खूप माणसं येणार आहेत म्हणालीस ना?"

आतोंगने एफुआला ते सगळं सांगितलं. एफुआने वाद घातला नाही. तिने लॅपटॉप उघडला, आणि कलाकाराचं नाव असं जिथे आधीच छापलेलं होतं तिथे टाइप केलं, रेघा: गातवेचची आई, न्याबूम. मग खालच्या ओळीवर थांबून आतोंगकडे पाहिलं.

"मावशी, तुमचं? आतोंग माबिओर?"

आतोंगने न्यांकिरकडे पाहिलं. न्यांकिर पुढे आली, एफुआच्या शेजारी वाकली आणि तिनेच टाइप केलं. बाराला दहा मिनिटं होती.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साल्वादोरचा ढोलवाला दारातच बसला होता, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण थोडा डुलतच येत होता. हैतीच्या म्हातारीचे झेंडे उन्हात चमकत होते. किंग्स्टनच्या शिंप्याने स्वतःचाच जांभळा कोट घातला होता आणि तो दिसेल त्याला कॉलर चाचपायला लावत होता. कुठल्याही कार्डावर अज्ञात हा शब्द नव्हता. मिलायासमोर आदाउ सकाळपासून पहाऱ्याला उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती ठणकावून सांगत होती की ते मोर नाहीत, करकोचे आहेत, आणि कोपऱ्यातला पक्षी मुद्दाम तसा आहे, कोणी शहाणपणा शिकवू नये. एका मुलीने कार्ड वाचून विचारलं, गातवेच कोण? आदाउने आधी चादरीची झालर सारखी केली. मग म्हणाली, "पोरगा होता. मास्तर होता."

दुपारी ढोल थांबले. एफुआ माइकवर आली आणि सगळ्या कलाकारांना एकेक करून पुढे बोलावू लागली. आतोंग मागे, चहाच्या टेबलापाशी, न्यांकिरच्या मैत्रिणींच्या कपात साखर घालत होती.

"रेघा, गातवेचची आई," एफुआने कार्ड वाचलं. "त्या ओमाहाहून बघताहेत." न्यांकिरने फोन डोक्यावर उंच धरला, आणि पाचेकशे माणसांनी त्या चष्म्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"आणि टाके," एफुआ म्हणाली. "अदुतची आई."

आतोंगने चमचा खाली ठेवला आणि ओ दिली.